एका पॉइंटावर दोन उपकरणें

घरांत मंगलकार्य निघालें म्हणजे भिंतीवरच्या एकाच लहान पॉइंटांतून एक्स्टेन्शन बोर्ड ओढावयाचा, आणि त्यावर पाणी तापविण्याचा रॉड व कपड्यांची इस्त्री अशीं दोन्हीं एकदम लावावयाचीं, हा प्रघात आमच्या पाहण्यांत वरचेवर येतो. त्यांत काय बिघडलें, असें सुशिक्षित गृहस्थही विचारतात. वस्तुतः याचें उत्तर घरांतील शाळकरी मुलाच्या वहींत असतें; मात्र तो तें परीक्षेपुरतेंच पाठ करितो.

ओम या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें दाबास रोधानें भागिलें म्हणजे प्रवाह मिळतो. रोध एकाच वाटेवर एकापुढें एक जोडिले तर ती एकसर जोडणी. तेथें परिणामी रोध म्हणजे नुसती बेरीज. समांतर जोडणींत प्रत्येकास निराळी वाट असते. म्हणून तेथें रोधांच्या व्यस्तांकांची बेरीज करून त्या बेरजेचा पुनः व्यस्तांक घ्यावयाचा. (गुणाकारास बेरजेनें भागण्याची युक्ति दोन रोधांपुरतीच खरी, तिसरा आला तरी मुलें तीच चालवितात आणि गुण गमावितात.)

आतां इस्त्रीकडे वळूं. २३० व्होल्टवर १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध सुमारें ५३ ओम. तेवढ्याच वॅटच्या रॉडचाही तितकाच. दोन्हीं एकसर जोडिलीं तर १०६ ओम, प्रवाह अवघा २.२ अँपिअर, आणि प्रत्येकाची उष्णता चतुर्थांश. म्हणजे इस्त्री कोमट व स्नानाचें पाणी दुपारीं! यास्तव घरांतील उपकरणें समांतर जोडितात. तेथें दोहोंचा परिणामी रोध साडेसव्वीस ओमच भरतो. अडथळ्यांत अडथळ्याची भर घातली असतां एकंदर अडथळा कमी व्हावा, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. परंतु देवळास दुसरा दरवाजा पाडला, मग तो कितीही अरुंद असो, तर गर्दी लवकरच बाहेर पडते. प्रत्येक उपकरण आपापले ४.३५ अँपिअर घेतें, बोर्डाच्या वायरीवर मात्र ८.७ येतात, आणि तो लहान पॉइंट तर ६ अँपिअरचा! प्रवाह दुप्पट झाला म्हणजे वायरींतील उष्णता चौपट होते. वायरीचें वेष्टण मऊ पडून वास सुटतो तो यामुळें.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून तेथें जाड तार बसविणाऱ्यांच्या हुशारीचें आम्हांस मुळींच कौतुक वाटत नाहीं. रॉडसाठीं स्वतंत्र वायरीनें १६ अँपिअरचा मोठा पॉइंट घ्यावा. तो होईपर्यंत पाणी तापून रॉड काढल्यावरच इस्त्री लावावी.