डलची रोषणाई आणि झेलमचा पूल

श्रीनगरला गेलो की आपण डल किंवा निगीनमध्ये शिकाऱ्यात बसतोच. (भाव करताना मिनिटंही मोजतो!) डलगेटहून कालव्याने हे पाणी झेलमशी जोडलेलं आहे. त्याच झेलममध्ये, श्रीनगरातच, गांदबलजवळ १६ एप्रिल २०२४ रोजी सकाळी नाव उलटली. बुडालेल्यांत शाळेला निघालेली मुलं होती. तिथला पादचारी पूल वर्षानुवर्षं अर्धवट पडून होता.

माझी तक्रार शिकारावाल्यांबद्दल नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. सवाल सरकारला आहे: हौसेच्या पाण्याला पैसा मिळतो, मग रोजच्या पाण्यावरचा पूल का रखडतो?

आणि दोस्तांनो, फोटोसाठी लाइफ जॅकेट उतरवू नका. नावेत जॅकेटच नसेल, तर सरळ दुसरी नाव बघा.