सहावी-सातवीचे गणित आणि घरचा हिशेब



बियाणे, खत आणि कर्ज यांविषयी आपण या पानावर नेहमी बोलतो. आज घरातल्या सहावी-सातवीच्या मुलाच्या गणिताविषयी बोलू. या तिन्ही गोष्टींचा हिशेब त्याच पुस्तकात आहे. शेकडेवारी, व्यस्तप्रमाण, सरळव्याज हे धडे म्हणजे आपलीच शेती आहे.

तोरणमाळला आणि अक्राणीच्या पाड्यापाड्यांवर घरी पावरी किंवा भिली बोलतात. ‘शेकडेवारी’ हा शब्द मुलाला शाळेतच पहिल्यांदा भेटतो आणि परका वाटतो. घरच्या बोलीत, घरच्या दाण्यांवर तोच हिशेब करा, म्हणजे गाठ सुटेल.

सोयाबीनचे घरचे बियाणे घ्या. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि ओल टिकवा. सात-आठ दिवसांनी चांगले कोंब मुलाला मोजू द्या. साठ निघाले, तर उगवण ६० टक्के. टक्का म्हणजे शंभरात किती, हे त्याला पुन्हा सांगावे लागणार नाही.

७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो बियाणे लागते. मग ६० टक्क्यांना किती? उगवण घटली की बियाणे वाढते, हेच व्यस्तप्रमाण. ७० ला ३० ने गुणा, ६० ने भागा. उत्तर ३५ किलो. हा हिशेब चुकला तर शेत विरळ उगवते आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो.

युरियात नत्र ४६ टक्के असते. ४५ किलोच्या गोणीत ते किती, हे मुलीला काढू द्या. उत्तर २० किलो ७०० ग्रॅम येईल.

आता व्याज. ‘महिन्याला शेकडा तीन’ ऐकायला थोडे वाटते. दहा हजारांवर महिन्याला ३०० रुपये, वर्षाला ३,६०० रुपये होतात. म्हणजे दर साल दर शेकडा ३६! तेच कर्ज ७ टक्क्यांनी मिळाले तर वर्षाचे व्याज ७०० रुपये. कागदावर सही-अंगठा करण्यापूर्वी मुलाला शेजारी बसवा आणि आकडा काढायला सांगा.

दिवाळीनंतर गुजरातेत कामाला जाताना धाकट्यांना सांभाळायला याच वयाची मुलगी बरोबर नेली जाते. त्या महिन्यांत हे धडे बुडतात. पुढे आठवीचे गणित जड जाते आणि शाळा सुटते. तिला आजीजवळ गावी ठेवा, नाही तर गुरुजींना हंगामी वसतिगृहाविषयी विचारा. पुढच्या वर्षी मुकादमाच्या उचलीचा हिशेब तीच तपासून देईल.