ठराव फिरतो, दात फिरत नाही

कॅनडातील कॅल्गरी महापालिकेने २०११ मध्ये बहुमताने नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणे बंद केले. त्याच प्रांतातील एडमंटनने ते चालू ठेवले. २०१८-१९ मध्ये दोन्ही शहरांत दुसरीतील मुलांचे दात तपासले, तेव्हा दुधाच्या दातांना कीड लागलेली मुले कॅल्गरीत सुमारे ६५ टक्के, तर एडमंटनमध्ये ५५ टक्के आढळली. २०२१ मध्ये नागरिकांनी फ्लोराइडच्या बाजूने कौल दिला. ते पाण्यात परतायला २०२५ उजाडले.

फ्लोराइड सरसकट चांगलेही नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत भूजलातील जादा फ्लोराइडने दात आणि हाडे बिघडतात. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि प्रमाण हात वर करून ठरत नाही; ते मोजावे लागते. सभागृहाने मतदानाआधी ते मोजमाप समोर ठेवायला हवे. ठराव पुढच्या सभेत फिरवता येतो, किडलेला दात नाही.