बाबूजींच्या उरलेल्या गोळ्या कोणाच्या हातात गेल्या?

बाबूजींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे नागपूरच्या गाडीने परत गेले आणि दोन दिवसांनी मी त्यांचं कपाट उघडलं. कॅपेसिटाबीनच्या पाच स्ट्रिप, त्यातली एक अर्धी. मॉर्फिनच्या काही गोळ्या. उलटी थांबवायच्या गोळ्या, मलम, दोन न वापरलेल्या सुया. त्यांचा आतड्याचा कॅन्सर होता. कॅपेसिटाबीन चौदा दिवस घ्यायची आणि सात दिवस थांबायचं, असं चक्र असतं. ते चक्राच्या मधेच गेले, म्हणून गोळ्या उरल्या.

आई म्हणाली, "फेकू नको व, पैसे लागले हायेत त्याले." मला ते कपाट रिकामं करायचं होतं. एवढंच डोक्यात होतं. सगळं एका काळ्या पिशवीत भरलं, गाठ मारली आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकलं. घरातली पहिली पदवीधर मी. एम.एस्सी. झालेली, तीही रसायनशास्त्रात.

दुसऱ्या दिवशी गाडीसोबतची स्वच्छता दीदी दारात उभी. हातात त्याच स्ट्रिप, ओढणीने पुसून आणलेल्या. "दीदी, अतका महंगा दवई ला काबर फेंक देव?" तिने पिशवी फोडून कचरा वेगळा करताना त्या पाहिल्या होत्या. अर्ध्या स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या फुटल्या होत्या आणि त्यांचा गुलाबी भुगा तिच्या बोटांना लागला होता. हातात मोजे नव्हते. तिचं पोर अजून अंगावर पितं, हे मला माहीत होतं, कारण ती गाडी थांबवून कधी कधी आमच्या पायरीवर बसते.

मी तिला साबणाने हात धुवायला लावले. दोनदा. ती हसत होती, कॅन्सर काय हाताला लागतो का म्हणून. कॅन्सर लागत नाही. पण ही गोळी पेशींची वाढ मोडण्यासाठीच बनवलेली असते आणि कोणाच्या पेशी मोडायच्या हे तिला कळत नाही. म्हणून ती फोडायची नाही, कुटायची नाही, उघड्या हाताने हाताळायची नाही, आणि गरोदर किंवा दूध पाजणाऱ्या बाईने तर तिला हातच लावायचा नाही. हे सगळं पाकिटातल्या कागदावर बारीक इंग्रजीत छापलेलं होतं. तो कागद मी वाचू शकत होते आणि वाचला नव्हता.

भिलाईत आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. पोलाद कारखाना उभा राहिला तेव्हा भंडारा, गोंदिया, नागपूरकडून लोक आले, कॅम्पात आणि खुर्सीपारात राहिले. बाबूजी ठेक्यावर होते. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची घाण उपसली नाही, याचा त्यांना अभिमान होता. बाबासाहेबांचं ऐकून गावकीची कामं सोडलेल्या घरातले ते. आणि त्यांच्याच औषधाची घाण त्यांच्या मुलीने दुसऱ्या एका बाईच्या उघड्या हातात दिली. हे मला अजून पचलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आता कायदा बघा. 2016 साली रुग्णालयांसाठी जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. त्यात केमोची मुदत संपलेली औषधं आणि त्यांनी माखलेल्या वस्तू पिवळ्या पिशवीत टाकायच्या. मग त्या उत्पादकाकडे परत पाठवायच्या किंवा 1200 अंश सेल्सियसच्या वर जाळायच्या. त्याच वर्षी घनकचऱ्याचेही नियम आले. त्यात घरातली मुदत संपलेली औषधं, सुया, थर्मामीटर हा 'घरगुती घातक कचरा' ठरला. 2016 च्या त्या नियमांनुसार तो वेगळा ठेवायचा होता आणि पालिकेने दर 20 चौरस किलोमीटरमागे तो जमा करायचं एक केंद्र उघडायचं होतं. म्हणजे गोळी तीच. रुग्णालयाच्या गेटच्या आत असली तर तिला 1200 अंशांची भट्टी. गेटच्या बाहेर आली की एक केंद्र, जे आपल्यातल्या किती जणांनी पाहिलंय ते सांगा. आणि कॅन्सरच्या गोळ्या आता जास्त करून घरीच घेतल्या जातात.

मी काय केलं? आधी औषधाच्या दुकानात गेले. "डस्टबिन में डाल दो," तो म्हणाला. मग एका रुग्णालयात गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, घरचं परत घ्यायचा नियम कुठे आहे? त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी केमोच्या वॉर्डातल्या एका सिस्टरने, मल्याळी बाई, काही न विचारता ते पाकीट पिवळ्या पिशवीत टाकलं. तिच्या भल्या मनावर आमचं काम झालं. ज्याला वॉर्डात ओळख नाही, त्याने काय करायचं?

केरळचं नाव निघालं म्हणून सांगते. तिथल्या औषध नियंत्रण विभागाने 2025 मध्ये कोळिकोडपासून घरातली नको असलेली औषधं परत घ्यायची योजना सुरू केली. म्हणजे हे होऊ शकतं. छत्तीसगडनेही कचऱ्याच्या बाबतीत नाव कमावलंय. अंबिकापूरमध्ये बचत गटाच्या बायकांनी दारोदार कचरा गोळा करून हाताने वेगळा करायचं काम उभं केलं आणि 'स्वच्छता दीदी' राज्यभर पोचल्या. पारितोषिकं शहरांना मिळाली. हाताने वेगळं करायचं काम मात्र दीदींकडेच राहिलं.

हे काम कोणाकडे राहतं, हे या पानावर समजावून सांगायची गरज नाही. गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे 38,000 कामगारांची नोंद केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत 2024 पर्यंत झाली. त्यातले जवळपास 92 टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी निघाले. कचरा निवडणाऱ्यांचं काम वेगळं, पण वस्त्या त्याच. घरातली घाण दाराबाहेर गेली की ती आपली राहत नाही, ही समजूत ब्राह्मणी आहे असं आपण म्हणतो. खरंच आहे. पण काळ्या पिशवीला गाठ मारताना माझ्याही बोटांत तीच समजूत होती.

आईचा प्रश्न मात्र उरतो: कोणा गरिबाला का नाही दिल्या? आमच्या कॅम्पातच एक काका त्याच आजाराचे आहेत. पण या गोळीचा डोस माणसाच्या उंची-वजनावरून ठरतो. काही जणांच्या शरीरात ती पचवणारं एन्झाइम कमी असतं, त्यांचा तीच गोळी जीव घेऊ शकते. आणि आमचं कपाट मे महिन्यात पत्र्याखाली तापत होतं. न उघडलेल्या स्ट्रिप बिलासकट दुकानदाराने परत घेतल्या तर विचारून बघावं. त्याहून बरं म्हणजे औषध एका चक्रापुरतंच घ्यावं, महिन्या-दोन महिन्यांचं नाही. शेजाऱ्याला द्यायचं नाही. आई अजून माझ्यावर नाराज आहे.

ज्यांच्या घरी अशी औषधं आहेत त्यांनी स्ट्रिपमधून गोळी काढू नये. मोजे घालून आहे तशी स्ट्रिप एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, वर मोठ्या अक्षरात 'केमोची दवाई' लिहून पोरांच्या हाताला न लागेल अशी ठेवावी आणि उपचार झाले तिथेच न्यावी. संडासात टाकू नये. मॉर्फिनचं उलटं आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने 2025 मध्ये 17 औषधांची यादी दिली, त्यात मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल आहेत. चुकून कोणी घेतली तर जीव जातो, म्हणून ती फ्लश करायला सांगितली आहेत. इंजेक्शनच्या बाटल्या असतील तर लेबल खरवडून काढावं. मार्च 2024 मध्ये दिल्लीत कॅन्सरच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकणारी टोळी पकडली गेली होती.

आणखी एक, जे आम्हाला कोणी सांगितलं नाही. केमो घेतल्यावर साधारण दोन दिवस रोग्याच्या लघवी-उलटीतही औषध असतं. संडास झाकण लावून दोनदा फ्लश करायचा, खराब चादरी मोजे घालून वेगळ्या धुवायच्या. आईने सात महिने त्या नुसत्या हाताने धुतल्या. ज्यांना परवडतं ते आयाबाई ठेवतात, आणि ती उघड्या हाताने धुते.

मी अर्ज लिहून ठेवलाय: आमच्या भागात घरगुती घातक कचऱ्याचं केंद्र कुठे आहे, त्याची वेळ काय, आणि दीदींना रबरी मोजे कधी मिळणार. सोमवारी द्यायचा आहे. सोबत वस्तीतल्या तिघी येणार आहेत. दीदीलाही विचारलं. ती नाही म्हणाली. ठेकेदाराला कळलं तर काम जाईल.