बदलीचा माणूस आधीच घडवा

अमेरिकन फुटबॉलमध्ये 'लेफ्ट टॅकल' हा गडी बॉल फेकणाऱ्याची पाठ राखतो. त्याच्या नावावर गुण क्वचितच. चुकला की मात्र सगळ्यांना दिसतो. आपल्या घरकामासारखंच की! 2017च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फिया ईगल्सचा मुरब्बी जेसन पीटर्स गुडघा दुखावून बाहेर गेला. त्याच्या जागी तरुण हालापुलिवाती वायताय उभा राहिला. 2016मध्येच त्याला काही सामने खेळवलं होतं, तो अनुभव कामी आला. फेब्रुवारी 2018मध्ये ईगल्सनी पहिला सुपर बोल जिंकला, 41-33 असा.

मैत्रिणींनो, बचत गटाचे हिशेब असोत की घरचा स्वयंपाक, सगळं एकीवरच ठेवलं की तिला आजारी पडायचीही चोरी! गटात दुसरी जोडीदारीण आत्ताच तयार करा. आणि हो, घरातल्या पुरुषांनाही वरण-भात शिकवा.