टबातले सातवे पाणी

साहेब गेला, पण साहेबाच्या गावाचे चित्र काही आमच्या घरातून गेले नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर ते असायचे. गवताने शाकारलेले बुटके घर, दारावर चढवलेला गुलाब, मागे चर्चचा मनोरा आणि सायकल टेकवून उभा असलेला पोस्टमन. बिस्किटे संपली की त्या डब्यात सुया-दोरे जायचे, नाहीतर मेतकूट. चित्र मात्र वरच्या फळीवर तसेच राही. आमच्या बेळगावच्या कॅम्पातल्या कौलारू बंगल्यांनी त्या चित्राला हातभार लावला आणि पु. लं.च्या ‘अपूर्वाई’ने 1960 साली आम्हा सगळ्यांना तिकिटाशिवाय विलायत दाखवून आणली. पु. लं.ची नजर मिश्कील होती. आम्ही मिश्कीलपणा मागे ठेवला आणि भारावणे तेवढे उचलले.

याच भारावण्याशी मला आज भांडायचे आहे. निमित्त सांगतो.

मध्यंतरी चार महिने मुलीकडे लीड्सला राहिलो. तिच्या घराजवळच्या चर्चच्या दालनात दर बुधवारी दुपारी म्हातारी माणसे जमत. चहा, केक आणि जुन्या आठवणी, असा बेत. जावयाने मला तिथे नेऊन बसवले. त्या दिवशीचा विषय होता न्हाणे. शेगडीसमोर पत्र्याचा टब मांडून शनिवारी रात्री सगळे घर कसे एकामागून एक न्हाई, कोळशाची ऊब, अंगाला येणारा साबणाचा वास! एकेक आजोबा डोळे मिटून बोलत होते. ऐकताना मलाही आमचा तांब्याचा बंब आठवला. कोपऱ्यातल्या एक बाई इतका वेळ गप्प होत्या. नव्वदीच्या असतील. त्या एवढेच म्हणाल्या, “पाणी एकच असायचं. आधी वडील, मग चार भाऊ, मग आई. मी सातवी.”

दालनात कुणीतरी हसले. मग चहा आला.

त्या सातव्या पाण्याने मला आठ दिवस झोपू दिले नाही. बेळगावला परतल्यावर एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो, तर तिथे नेहमीचेच वाक्य कानी आले : “त्यांचं जुनं जीवन काय सुंदर होतं हो! आणि जपलंय तरी किती! नाहीतर आपण!” या वाक्यात दोन विधाने आहेत. दुसरे बरेचसे खरे आहे, पहिले साफ खोटे. दोन्ही एकाच घोटात पाजली की खोटेही गोड लागते.

तर आधी ते सुंदर जीवन. लीड्समध्ये पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. पुढे दार, मागे शेजाऱ्याची भिंत. मागे खिडकी म्हणून नाहीच. अशी घरे त्या शहरात 1937 पर्यंत बांधली जात होती. जुन्या वस्त्यांत शौचकूप अंगणापलीकडे, तोही चार-पाच बिऱ्हाडांत एक. आपल्याकडच्या चाळीची थट्टा करणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे. 1951 च्या शिरगणतीच्या वेळी इंग्लंड-वेल्समधल्या एक तृतीयांशाहून अधिक कुटुंबांकडे बसवलेला न्हाण्याचा टब नव्हता. म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळून चार वर्षे झाली होती आणि राज्यकर्त्यांच्या घरची लेक अजून सातव्या पाण्यात न्हात होती.

शेगडीची ती ऊब घ्या. 1952 च्या डिसेंबरात 5 ते 9 तारखेपर्यंत लंडनवर धुके आणि कोळशाचा धूर असा काही दाटला, की भर दुपारी बसपुढे माणूस चालवावा लागला. सरकारने तेव्हा चार हजार मृत्यू मोजले. पुढच्या संशोधकांनी आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्यानंतर चार वर्षांनी, 1956 साली, शुद्ध हवेचा कायदा आला. आज ज्या शेगडीच्या आठवणीने गळा दाटतो, तिच्याच धुराने तेव्हा शब्दशः दाटत होता.

रेशनचेही तेच. जानेवारी 1940 मध्ये लोणी, साखर, बेकन यांच्यापासून सुरू झालेले रेशन जुलै 1954 मध्ये संपले. युद्धात कधी रेशनवर न गेलेला पाव युद्ध जिंकल्यावर, 1946 साली, रेशनवर गेला आणि दोन वर्षे राहिला. पण आठवणीत उरते काय, तर 1953 साली मिठाई मोकळी झाली तेव्हा दुकानापुढे लागलेली पोरांची रांग. मधली वर्षे आयांनी कशी निभावली, ते कुणी विचारत नाही.

सोमवारचे धुणे मात्र मला पुरते सांगितलेच पाहिजे, कारण तिथे आपलीही नाळ आहे. सोमवार हा उत्तरेतल्या कामगारवस्त्यांचा धुण्याचा वार. पहाटे उठून विटांच्या चुलीवर बसवलेल्या तांब्याच्या हंड्याखाली जाळ घालायचा. उकळत्या पाण्यात कपडे टाकायचे, मोठ्या पिंपात लाकडी दांड्याने ते घुसळायचे, खळबळायचे, निळीत बुचकळायचे आणि मग दोन लाकडी लाटांच्या यंत्रातून हाताने दांडा फिरवत पिळून काढायचे. ती नीळ बहुधा हल शहरातल्या रेकिट कंपनीची. आपल्याकडे पांढऱ्या धोतराला घातली जाणारी रॉबिन नीळ त्याच घराण्यातली! हल काय नि बेळगाव काय, बाईच्या बोटांचा निळा रंग एकच होता. दुपारी जेवायला रविवारचे उरलेले थंड मांस, कारण रांधायला सवड नाही. गिरणीच्या धुराड्याची काजळी वाळत घातलेल्या चादरीवर पडली, तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि हे झाल्यावर दारातली पायरी. लँकेशायर-यॉर्कशायरकडे ती दगडाच्या वडीने घासून पिवळी-पांढरी काढायची पद्धत होती. ज्या घरची पायरी काळी, त्या घरच्या बाईची गल्लीत बदनामी. ती वडी जुन्या चिंध्यांच्या बदल्यात हातगाडीवाला देई. आपल्या बोहारणीचाच हा चुलतभाऊ म्हणायचा. मला आमच्या गल्लीतले सडा-रांगोळी आठवले. रांगोळीवर कविता पुष्कळ झाल्या. पहाटे चार वाजता वाकलेल्या कमरेवर किती झाल्या?

आता कुणी म्हणेल, या मास्तरला दुसऱ्याच्या सुखात माशी शोधायची खोड आहे. नाही हो. मी खुद्द त्यांच्यातल्याच माणसांच्या बाजूने बोलतो आहे. 1915 साली तिथल्या सहकारी महिला संघाने कामगार बायकांची 160 पत्रे छापली. बाळंतपणे, गर्भपात, उपास, आठव्या महिन्यात उपसलेले धुणे असे सगळे बायकांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. रॉबर्ट रॉबर्ट्‌स हा सॅल्फर्डच्या एका कोपऱ्यावरच्या दुकानदारणीचा मुलगा. 1971 साली त्याने ‘द क्लासिक स्लम’ लिहिले. आईच्या दुकानाची उधारीची वही म्हणजे अख्ख्या वस्तीची जन्मपत्रिका कशी होती, ते त्यात वाचावे. सोमवारी नवऱ्याचा रविवारचा सूट गहाण टाकायचा आणि शनिवारी सोडवायचा, हे त्या वस्त्यांचे आठवड्याचे चक्र. या माणसांचेही आपल्या गल्लीवर प्रेम होते. प्रेम होते म्हणूनच त्यांनी तिला रंगरंगोटी केली नाही. बिस्किटाच्या डब्याने पुसले ते या माणसांना.

कोपऱ्यावरच्या दुकानावरून एक गंमत सांगून ठेवतो; बडोद्याच्या वाचकांना ती अधिक कळेल. 1972 साली युगांडातून इदी अमीनने आशियायी लोकांना हाकलले, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की आमच्या शहरात येऊ नका, जागा नाही. तरी माणसे आली. त्यांच्यातल्या कितींनी तरी कोपऱ्यावरची दुकाने घेतली आणि रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवली. आज ‘आमच्या गल्लीतलं ते दुकान’ म्हणून जी हळहळ ऐकू येते, तिच्यात गल्ल्यावरच्या पटेलकाकांचा चेहरा क्वचितच असतो.

आता दुसरे विधान : ते जपतात. हो, जपतात, आणि तिथे मी टोपी काढतो. डरहॅम परगण्यात बीमिश येथे 1970 साली उभारलेल्या संग्रहालयात ट्राम आहे, खाणकामगारांची घरे आहेत, खाण आहे, दातांच्या डॉक्टरची खुर्चीही आहे. वेल्समध्ये सेंट फॅगन्सला 1948 पासून जुनी घरे दगड न् दगड सोडवून आणून पुन्हा उभी केलेली आहेत. पण वेल्सचे नाव निघाले की माझा हात कचरतो. आपणा सीमेवरच्या लोकांना कळावी अशी गोष्ट तिथे आहे, आणि कौतुक करणारे नेमके तिच्यावरून पाय उचलून जातात.

उत्तर वेल्सच्या ट्रिवेरिन खोऱ्यात कापेल केलिन नावाचे गाव होते. शाळा, टपालघर, प्रार्थनाघर, आजूबाजूची शेतघरे. सगळे मिळून सत्तरएक माणसे, आणि सगळा व्यवहार वेल्श भाषेत. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला पाणी हवे होते. 1957 साली लंडनच्या पार्लमेंटने धरणाचा कायदा केला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरी तो झाला. 1965 साली गाव पाण्याखाली गेले. दफनभूमीवर काँक्रीट ओतले. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने माफी मागितली ती 2005 साली, चाळीस वर्षांनी. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी फळी अडकवत. दुसरे कुणी बोलताना सापडले की फळी त्याच्या गळ्यात, आणि शाळा सुटताना जिच्या गळ्यात ती असेल त्या पोरीला छडी. 1901 मध्ये वेल्समधली निम्मी माणसे वेल्श बोलत. 2021 च्या शिरगणतीत शंभरात अठराही नाहीत.

मग जपले काय? घर जपले, उंबरठा जपला, चुलीवरचे भांडे जपले. पण त्या चुलीपाशी बसून आजी ज्या भाषेत रागावत असे, ती भाषा काचेच्या कपाटात राहत नाही. ती राहिली आहे ती हट्टी आयांच्या, शिक्षकांच्या आणि तुरुंगात गेलेल्या पोरांच्या जिवावर. 1982 साली वेल्श दूरचित्रवाहिनी सुरू झाली, तीही भांडून. आठवण जपायची म्हणजे आधी ती बोलणारे तोंड जपायचे, हे वेल्सकडून शिकण्यासारखे आहे. पण आम्ही शिकतो ते डबे गोळा करायला!

गोव्याच्या सांगे तालुक्यातले कुर्डी आठवते का? मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. साळावली धरणात गेले. दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरते, देवळाचे अवशेष, घरांची जोती वर येतात आणि जुने गावकरी तिथे जमतात. उन्हात उभे राहून कुणाचे घर कुठे होते ते एकमेकांना दाखवतात. त्यातल्या एकाने तरी तिथे उभे राहून “काय सुंदर जीवन होतं” असे म्हणून विषय संपवला असेल, असे मला वाटत नाही. ज्याचे गेले त्याला तपशील हवा असतो. गोड गळा काढणे परवडते ते ज्याचे काही गेले नाही त्याला.

इथवर दुसऱ्यांना बोल लावले. आता स्वतःचे. काही वर्षांपूर्वी मीही एका दिवाळी अंकात आमच्या जुन्या वाड्यावर लेख लिहिला होता. चौसोपी वाडा, मागची विहीर, रहाटाचा कुरकुरता आवाज, चैत्रातली कैरीची डाळ. काही म्हणून सोडले नव्हते. पत्रे पुष्कळ आली. एकाने तर डोळ्यांत पाणी आल्याचे कळवले. आमच्या आक्काने मात्र लेख वाचून अंक मिटला आणि म्हणाली, “विहीर झकास लिहिलीस रे. पाणी कोण ओढत होतं, ते तेवढं राहिलं.”

मी तेव्हा हसण्यावारी नेले होते. लीड्सच्या त्या दालनात जसे कुणीतरी हसले होते, तसेच.

परतल्यावर मुद्दाम गोकाकला आक्काकडे गेलो आणि म्हटले, “आक्का, ते पाण्याचं तू लिही.” ती म्हणाली, “माझं शिक्षण किती, आणि लग्न होऊन पंचावन्न वर्षं कानडीत गेली. मराठी हात राहिलाय होय माझा?” मी म्हटले, “कशातही लिही.” दोन महिन्यांनी तिने नातवाची अर्धी कोरी वही माझ्या हातात ठेवली. भाषा आमच्या घरचीच, अक्षरे कानडी. मला कानडी बोलता येते, वाचताना मात्र अडखळतो. म्हणून तिच्याच नातीला शेजारी बसवून वाचून घेतले. पोरगी वाचताना मध्येच थांबली आणि म्हणाली, “आज्जी, एवढे हंडे?”

पहिल्याच पानावर आक्काने हिशेब मांडला होता. सोवळ्याचे पाणी वेगळे, न्हाण्याचे वेगळे, गोठ्याचे वेगळे. सकाळी चौदा हंडे, संध्याकाळी नऊ. सणावारी मोजलेच नाहीत, असे पुढे लिहिले आहे.