सायकलवरनं उतर!

हल्ली सायकलवर फार प्रेम उतू चाललंय. रविवारच्या पुरवण्या उघडा. कुणाच्या आजोबांची विलायती रॅले, कुणाच्या काकांची हर्क्युलस, डायनामोचा मंद उजेड, रिकामे रस्ते, पेन्शनरांचं पुणं, पर्वतीपर्यंत मारलेली चक्कर. वाचताना डोळे पाणावतात म्हणे. पाणावोत बापडे. आमचं म्हणणं एवढंच, की या सगळ्या आठवणींत एक माणूस कधीच भेटत नाही. ज्याला सायकलवरनं खाली उतरवलं गेलं, तो.

त्यांची सायकल ही आठवण आहे. आमची सायकल ही केस आहे. आणि तिचा निकाल अजून लागायचाय.

दोस्तहो, सायकलच्या आधी पायांचं बोलू. गावगाडा गावगाडा म्हणून ज्याचे गोडवे गातात, त्या गाड्याला चाकं कुणाची होती? महाराच्या पायांची. सरकारी कागद तालुक्याला पोचवायचा, महार. साऱ्याची थैली सांभाळत कचेरीपर्यंत जायचं, महार. साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, महार. वाड्यात म्हातारं मेलं की पाव्हण्यांच्या गावोगाव सांगावा घेऊन जायचं, रात्र असो, पाऊस असो, महार. मोबदला काय? शिळा भाकरतुकडा, बलुतं आणि वतन नावाची बेडी. ही बेडी तोडायला बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. वतनं संपवणारा कायदा आला १९५८ चा. तीस वर्षं लागली.

म्हणजे गावाला महाराच्या पायांचं वावडं कधीच नव्हतं. ते पाय स्वतःसाठी चालायला लागले, की वावडं.

आता वाहनाचं. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर मसूरच्या स्टेशनावर उतरला. बापाकडं कोरेगावला जायचं होतं. जात कळली आणि एकही गाडीवान यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं दिलं, गाडी पोरांनी हाकली आणि गाडीवान बाजूनं पायी चालला. पुढं १९२९ साली हाच पोरगा विलायतेत शिकून, बॅरिस्टर होऊन, सरकारी कमिटीचा सभासद म्हणून चाळीसगावला उतरला. टांगेवाल्यांनी महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला. टांगा भाड्यानं मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. मग वस्तीतल्या एकानं, ज्याला टांगा हाकता येत नव्हता त्यानं, तो हाकला. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. नीट बघा. टांगेवाल्याला पैसा चालत होता. टांग्यात महार बसलेला चालत होता. महारासाठी लगाम हातात धरणं तेवढं चालत नव्हतं.

म्हणून सायकलचं मोल आम्हाला विचारा. सायकलला गाडीवान नाही. तिला बैल लागत नाही, घोडा लागत नाही, कुणाची मेहेरबानी लागत नाही. हाकणारा तोच, बसणारा तोच. बाप बैलामागं, पोरगा बैलामागं, या साखळीतनं सुटायला आमच्या माणसाला एक दुसरीच साखळी सापडली, आणि ती त्याच्या पायांनी फिरत होती.

पण ती हाती लागायला वेळ गेला. विलायती सायकल साहेबाची, डॉक्टरची, मामलेदाराची. देशी कारखान्यांच्या सायकली आल्या, सोनीपतची ॲटलस १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची, तशी ती कामगाराच्या आवाक्यात येऊ लागली. तीही नवी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या हातची, रंग उडालेली, एका बाजूला झुकणारी. आणि त्याच १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपूरला आमच्या माणसांनी मान वर केली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण मान वर केलेला माणूस आणि सायकलवर बसलेला माणूस गावाला सारखाच खुपतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

माझा आजा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात लागला. पगारातनं पै-पै बाजूला टाकून त्यानं एक जुनी सायकल घेतली. शहरात कुणी त्याला काही विचारलं नाही. नगरपालिकेचा बिल्ला लावला, रात्री दिवा लावला, की पोलीससुद्धा जात विचारत नव्हता. मग जत्रेला त्यानं ती एसटीच्या टपावर टाकून नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाला नेली. फाट्यावर उतरवली, हवा भरली, टांग मारली. वेशीतनं आत आला आणि चावडीवरनं आवाज आला, "कुणाचा रं तू? उतर खाली." आजा उतरला. सायकल हातात धरून चावडी ओलांडली आणि महारवाड्यात जाऊन पुन्हा बसला. दुसऱ्या वर्षीही तसंच.

तिसरं साल दीक्षेनंतरचं. आवाज आला. आजा उतरला नाही.

आजी सांगायची, "तुझा आजा काय लई शूर न्हवता. त्याचं पाय लटालटा कापत व्हतं. पर पायडल सोडलं न्हाई." रात्री दोन्ही टायर ब्लेडनं फाडले. आठ दिवस पिठाच्या गिरणीवर आमच्या वस्तीचं दळण घेतलं नाही. बायकांनी जात्यावर दळलं, हाताला फोड आले. एका माणसाच्या न उतरण्याची किंमत साऱ्या वस्तीनं भरली. कुणी आजाला शिव्या दिल्या नाहीत असं नाही. दिल्या. पण पुढल्या जत्रेला वस्तीत तीन सायकली होत्या.

अशा गोष्टी पुरवणीत छापून येत नाहीत. पंक्चरचंच घ्या. पंक्चर काढायला पाणी लागतं. ट्यूब घमेल्यात बुडवायची, बुडबुडा कुठं येतो ते बघायचं. हवेला विटाळ नाही, रबराला विटाळ नाही, घमेल्यातल्या पाण्याला आहे. तालुक्याच्या बाजारात एका दुकानदारानं आमच्या आजाची ट्यूब पाण्यात घ्यायला नकार दिला. चवदार तळं महाडलाच होतं असं समजू नका, ते पंक्चरवाल्याच्या घमेल्यातही होतं. आजानं काय केलं? सोल्युशनची ट्यूब, रबराचे तुकडे, टायर काढायच्या पट्ट्या आणि एक पंप विकत घेतला. स्वतः शिकला. मग वस्तीतल्या सगळ्यांची पंक्चरं तोच काढायचा. पैसे घ्यायचा नाही. पण पोराला बसवून शिकवायचा. "ह्ये शिक. म्हंजी कुनाच्या दारात हुबं ऱ्हावं लागनार न्हाई."

बाप या सायकलवरनं हायस्कुलात गेला. आधी दांडीखालून पाय घालून, मग दांडीवर बसून, मग सीटवर. सात मैल जायचं, सात मैल यायचं. वस्तीत मॅट्रिक झालेला तो पहिला. आमच्या घरात शिक्षण सायकलच्या कॅरिअरवर बसून आलं.

आणि रस्ता? ज्या रस्त्यावर आम्हाला उतर म्हणत होते, तो रस्ता कुणाच्या बापाचा? १९७२ चा दुष्काळ आठवा. दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती. आमच्या गावच्या फाट्यापासून वेशीपर्यंतच्या रस्त्याची खडी माझ्या आजीनं फोडलीय. तिच्या बोटाचं नख गेलं ते पुन्हा नीट आलं नाही. बंगल्यातल्या किती आज्यांनी रस्ता फोडलाय? ज्यांनी रस्ता केला त्यांना त्यावर चालायची बंदी, आणि ज्यांनी हातात खोरं धरलं नाही ते चावडीवर बसून परवानगी देणार. याला हे लोक परंपरा म्हणतात. आम्ही चोरी म्हणतो.

आता जरा आपल्या घरातलं बोलू. कडू आहे, पण बोललं पाहिजे. माझी आत्या बापापेक्षा हुशार होती. सातवीनंतर तिची शाळा सुटली. हायस्कूल तेच, रस्ता तोच, सायकल दारात उभी. पण पोरगी सायकलवर? लोक काय म्हणतील? चावडीला न भिणारा माझा आजा या प्रश्नाला भ्याला. आजी आयुष्यभर कॅरिअरवर बसली. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पोर घेऊन. हँडल तिच्या हातात कधीच आलं नाही. भावांनो, आपण मनुस्मृती जाळली आणि तिचं एक पान घरात कॅरिअरखाली दाबून ठेवलं.

तिकडं तमिळनाडूत पुदुकोट्टै जिल्ह्यात काय झालं ते बघा. १९९१ साली साक्षरतेच्या मोहिमेत बायका अक्षरांबरोबर सायकल शिकल्या. कलेक्टर शीला राणी चुंकत नावाची बाई होती. तिनं सायकल हा मोहिमेचाच भाग केला. शेतमजूर बाया, दगडखाणीतल्या बाया, दलित बाया, मुसलमान बाया, लाखभर बाया सायकल शिकल्या. लोकांनी टिंगल केली, घाणेरडं बोलले. बाया थांबल्या नाहीत. पाण्याचे हंडे सायकलवर, पोर सायकलवर, बाजार सायकलवर. नवऱ्याची, बसची, कुणाची वाट बघायची नाही. माझ्या आत्याला हे वीस-पंचवीस वर्षं आधी मिळालं असतं तर?

सायकलनं राजकारणही केलंय. पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या कांशीराम यांनी १९८१ साली डीएस-४ उभी केली आणि १९८३ साली उत्तरेत सायकल मोर्चा काढला. मोटारी नव्हत्या, धनदांडगे पाठीशी नव्हते. कार्यकर्ता होता आणि त्याची सायकल होती. राज्यामागून राज्य, गावामागून गाव ती फिरली. आपल्याकडंही सभेची हँडबिलं, खळीची बादली, अंकांचे गठ्ठे कशावरनं गेले? चळवळीचा इतिहास लिहिणारे पुढाऱ्यांची नावं लिहितात. त्या सायकलींची संख्या कुणी लिहिली नाही.

कुणी म्हणेल, जुनं झालं हे. आता दारोदार मोटारसायकली आहेत, कशाला उकरता? त्याला उत्तर आम्ही देत नाही, देशाचा कायदा देतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याला २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम ३ वाचा. दलित-आदिवासीला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, पायात वहाणा घालण्यापासून, नवे कपडे घालण्यापासून अडवणं, लग्नाची वरात काढायला किंवा वरातीत घोड्यावर बसायला अडवणं हा अत्याचाराचा गुन्हा आहे. थांबा आणि विचार करा. मंगळाभोवती यान फिरवणाऱ्या देशाच्या पार्लमेंटला एकविसाव्या शतकात कायद्यात 'सायकल' हा शब्द घालावा लागला. हौस म्हणून कुणी असा शब्द घालत नाही. कुठं तरी कुणाला तरी उतरवलं जात होतं, म्हणून घातला. चावडीवरचा तो आवाज मेलेला नाही. त्यानं फक्त गाव बदललंय, आणि सायकलच्या जागी बुलेट आली म्हणून त्याचा पारा आणखी चढलाय.

म्हणूनच आमच्यातल्या काही साहेब लोकांचा राग येतो. फ्लॅट झाला, गाडी झाली, आणि बापाची सायकल भंगारवाल्याला किलोवर घातली. विचारलं तर म्हणतात, गरिबीची आठवण कशाला ठेवायची? गरिबीची? अरे, ती गरिबीची आठवण नाही, ती लढाईतली वस्तू आहे. राजेरजवाड्यांच्या तलवारी काचेत ठेवतात. त्या तलवारींनी किती माणसं मोकळी केली? आमच्या वस्तीतल्या तीन सायकलींनी केली.

तेव्हा आठवणींचा हा बाजार त्यांच्या एकट्यांच्या हातात सोडू नका. प्रत्येकाच्या घरात एक म्हातारी आहे, एक म्हातारा आहे. त्यांना विचारा, पहिली सायकल कुणी आणली? कुठनं, केवढ्याला? कुठल्या वळणावर उतरावं लागलं, आणि उतरायचं कुणी नाकारलं? घरातल्या कुठल्या पोरीला ती दिली नाही? लिहून काढा. शुद्धलेखनाची पर्वा करू नका, ते बोलतात तसं लिहा. नाव, गाव, साल घाला. ते डोळे मिटतील तेव्हा हा पुरावाही मिटेल, आणि मग पुरवणीतली गुळगुळीत सायकल तेवढीच इतिहासात उरेल.

आणि घरात पोरगी असेल तर तिला आधी कॅरिअरवरनं खाली उतरवा. हँडल तिच्या हातात द्या.